विस्तव दुसऱ्याच्या हातचा

सुनेत्रामावशींचे यजमान गेले, त्या आठवड्यात त्यांनी एकाच गोष्टीचा हट्ट धरला. फुलं कुठली, शवपेटी कुठल्या लाकडाची, पाद्रीबुवांनी किती वेळ बोलायचं, हे सगळं त्यांनी लेकीवर, केयावर, सोडून दिलं. मला मात्र फोनवर म्हणाल्या, "मीनल, बर्नहार्टच्या निरोपाचा पाव गावच्या भट्टीतच भाजला पाहिजे. आणि विस्तव आमच्या घरातल्या कुणी लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी लावायचा."

"हो, लावतील ना मावशी," असं मी म्हटलं. अशा वेळी माणूस हो म्हणतो.

आता ह्या हट्टात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्यासाठी पेतीवाल कळायला हवं.

पेतीवाल म्हणजे आम्ही राहायचो त्या जर्मनीतल्या नेकारसुल्महून दोन बसगाड्या बदलून जायचं एक खेडं. चारी बाजूंना द्राक्षांचे मळे, मधे पन्नास-साठ घरं, एक चर्च. नाव फ्रेंच, कारण तीनशे वर्षांपूर्वी धर्मापायी फ्रान्सच्या डोंगरातून हाकलून दिलेली माणसं इथे येऊन वसली. आता फ्रेंच कुणालाच येत नाही. ते पाट्यांवर आणि थडग्यांवर तेवढं उरलंय. ज्या बोळातून एक ट्रॅक्टर जेमतेम जातो त्याचं नाव 'ग्रांद रू', म्हणजे मोठा रस्ता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आडनावं रोस्तां, जुर्दान अशी, आणि ती उच्चारतात अशा इथल्या जर्मनच्या पक्क्या श्वाबियन ढंगात की फ्रान्सचा माणूस आला तर त्याला आपलंच नाव ओळखू येऊ नये. चर्चच्या दारावर दगडात कोरलेली एक समई आहे. ती खरं तर समई नाही, मेणबत्तीचं घर आहे, पण मावशी समईच म्हणायच्या.

आणि चर्चसमोर ती भट्टी. एक बुटकं दगडी खोपटं, आत विटांचं घुमटासारखं पोट, पुढे लोखंडी झाकण. पूर्वी सगळ्या गावाचा पाव तिथे भाजला जायचा. कुणी आधी भाजायचं ह्याच्या चिठ्ठ्या टाकत, कारण पहिल्याला गार भट्टी तापवावी लागायची आणि त्याचं सरपण जास्त जळायचं. हा झाला रोजचा पाव. निरोपाचा पाव वेगळा. गावात कुणी गेलं की त्या घरच्यांनी पीठ मळायचं, पण विस्तव लावायचा शेजाऱ्यांनी. दुःखाच्या घरचे हात पिठात, दुसऱ्यांचे हात विस्तवात, असं म्हणायची रीत होती. मग दफनाच्या दिवशी चर्चच्या दाराशी टोपली ठेवायची आणि येईल त्या प्रत्येक घराने एक लहान पाव घरी न्यायचा. पाव नेला म्हणजे ते माणूस गावाचं होतं हे कबूल केलं.

हे सगळं मला मावशींनीच सांगितलं. आमची ओळख काही वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमधली. जुन्या वास्तू बघायला खुल्या असतात तो रविवार होता. क्षितिज, म्हणजे माझा नवरा, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात. त्याच्या कुणा सहकाऱ्याने सांगितलं की एका खेड्यात एक भारतीय बाई भट्टी चालवते. आम्ही आमच्या अन्वीला घेऊन गेलो. निळा एप्रन, कोपरापर्यंत पीठ, पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि हातात नावेच्या वल्ह्याएवढं फावडं. मी अन्वीला "लांब उभी राहा, भाजेल" म्हणाले, तर ती बाई गर्रकन वळली. "अगं बाई! मराठी?" एवढंच म्हणाल्या आणि पुढची पाच मिनिटं पाव आत तसेच राहिले. त्या दिवशी पेतीवालने काळे पाव खाल्ले आणि वर 'अगदी पारंपरिक' म्हणून वाखाणले.

मावशी मूळच्या मिरजेच्या. नर्स होऊन तरुणपणीच हाइलब्रोनच्या एका इस्पितळात आल्या. तिथे पाय मोडलेला एक द्राक्ष बागायतदार महिनाभर पडून होता, बर्नहार्ट रोस्तां. बोलायला अगदी कमी. घरी जायच्या दिवशी त्याने त्यांना विचारलं, "तुला डोंगर आवडतात का?" पेतीवालला टेकडीहून उंच काही नाही, हे त्यांना लग्नानंतर कळलं. मिरजेच्या वडिलांनी वर्षभर अबोला धरला. मावशी नवऱ्याला चारचौघांत 'अहो' म्हणायच्या. गावाला वाटलं हे लाडाचं नाव, आणि म्हातारे शेजारीही बर्नहार्टकाकांना 'आहो' अशी हाक मारू लागले. काकांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

सासू मात्र कडक. माडलेन तिचं नाव. सुनेने केलेलं खायची, पण एक शब्द बोलायची नाही. "तीन वर्षं मी त्या घरात पाहुणी होते," मावशी सांगायच्या. मग सासरे गेले. मावशींनी आपल्या सवयीने सकाळी चूल पेटवली नाही. आमच्याकडे सुतकात पहिले काही दिवस घरात विस्तव लागत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात, हे काही त्यांनी कुणाला समजावलं नाही. नुसत्या गार चुलीपाशी बसून राहिल्या. सासू स्वयंपाकघरात आली, चुलीवर हात ठेवून पाहिला, आणि विचारलं, "तुमच्याकडेही?" मावशींनी मान हलवली. सासू शेजारी बसली. बाहेर जुर्दानांची म्हातारी मोळी घेऊन भट्टीकडे निघालेली खिडकीतून दिसत होती.

"त्या दिवशी मी ह्या गावची झाले," मावशी म्हणायच्या. "मिरजेत आणि इथे एकच नियम आहे म्हटल्यावर मग परकं काय राहिलं?"

सासूने त्यानंतर त्यांना भट्टी शिकवली. द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्यांची मोळी आत कशी लावायची, जाळ विझल्यावर निखारे कसे ओढायचे, ओल्या फडक्याने तळ कसा पुसायचा, मग मूठभर पीठ आत फेकून ते किती वेळात तांबूस होतं ते पाहायचं. मोळ्या बांधायचं काम बर्नहार्टकाकांचं. दर हिवाळ्यात मळा छाटला की काड्या वाळवून, तारेने आवळून ते भट्टीमागच्या पडवीत रचून ठेवायचे. त्यांच्या मोळीची गाठ वेगळी असायची, मावशी ती लांबून ओळखत.

सासू गेली. शेजारच्या बायका एकेक करून थकल्या, गेल्या, मुलांकडे श्टुटगार्टला राहायला गेल्या. नव्या सुनांनी घरात पाव भाजायची यंत्रं घेतली. भट्टी मावशींवर आली, आणि गाव निर्धास्त झालं. कुणी गेलं की पहिला फोन पाद्र्यांना, दुसरा मावशींना. आधी लोक पीठ तरी मळून आणायचे. पुढे पुढे तेही मावशीच मळू लागल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रकार. भट्टीसमोर एक छान पाटी लागली, तीन भाषांतली, 'आमचा जिवंत वारसा' अशी. मी ती दोनदा वाचली. मावशींचं नाव तिच्यावर कुठेच नव्हतं. मी चिडले, तर मावशी हसल्या. "अगं, सासूचं नाव तरी कुठे आहे?"

मला जर्मन लोकांचा विशेष राग येतो असं नाही. मला सगळ्यांचाच येतो. पण ह्या गावाचा राग मी राखून ठेवला होता.

बर्नहार्टकाकांना मागच्या हिवाळ्यात पोटाचा कर्करोग निघाला. त्या वर्षी मळा एका ठेकेदाराने छाटला आणि काड्या यंत्राने तिथेच बारीक करून मातीत घातल्या. मोळ्या बांधल्याच गेल्या नाहीत. ह्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, मावशींचंही नव्हतं. त्यांचं लक्ष इस्पितळात होतं. नोव्हेंबरात काका गेले.

दफन शुक्रवारी अकराला होतं. मी पहिल्या बसने पोहोचले. धुकं इतकं की चर्चच्या दारावरची समईसुद्धा दिसत नव्हती. मावशी भट्टीबाहेरच्या दगडी बाकावर बसलेल्या, काळा कोट, डोक्याला रुमाल. शेजारी वेताच्या टोपल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर पांढरं फडकं. पीठ त्यांनी आणि केयाने आदल्या दिवशी मळलं होतं. केया म्युनिकजवळ गार्चिंगला संशोधन करते, उंच, बापासारखी कमी बोलणारी. ती भिंतीला टेकून उभी होती. भट्टीचं झाकण उघडं. आत काळोख. गार.

"कुणी आलं नाही अजून?" मी विचारलं.

"येतील," मावशी म्हणाल्या.

आम्ही थांबलो. एक मोटार गेली. तिच्यातल्या माणसाने काच खाली करून मान लववली आणि पुढे गेला. टोपल्यांतलं पीठ फुगून फडक्यांना टेकायला लागलं. केया जर्मनमध्ये म्हणाली, "मम्मा, मी लावते. पाच मिनिटांचं काम आहे."

"तू घरातली आहेस," मावशी मराठीत म्हणाल्या. "तुझा बाप गेलाय."

केयाला मराठी सगळं कळतं. ती पुन्हा भिंतीला टेकली.

शेवटी फ्राऊ जुर्दान, म्हणजे जुर्दानबाई, आल्या. ज्या म्हातारीने मावशींच्या सासऱ्यांच्या वेळी विस्तव लावला होता तिची ही मुलगी, आता स्वतः ऐंशीच्या पुढची. हातात सफरचंदाचा केक, वर चांदीचा कागद. त्यांनी मावशींना जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि मग टोपल्या पाहिल्या, गार भट्टी पाहिली.

"अगं सुनेत्रा," त्या म्हणाल्या, "तू अजून पेटवली नाहीस?"

मावशी एका टोपलीवरचं फडकं सारखं करत राहिल्या.

"आम्हाला वाटलं, तूच... म्हणजे दर वेळी तूच करतेस. भट्टी तर तुझीच ना." त्यांच्या लक्षात येत गेलं तसा आवाज बारीक झाला. "आणि सरपंचांनी हाइलब्रोनच्या बेकरीतून तयार छोटे पाव, ब्रोटशेन, मागवलेत. तुला त्रास नको म्हणून. इतकं दुःख असताना तुला कुठे कामाला लावायचं?"

"माझी नाही," मावशी म्हणाल्या. "तुमची आहे. पाटीवर लिहिलंय."

माझ्या मनात त्या म्हातारीला काय काय बोलावं असं येत होतं! पण राग धरायला समोर तसं माणूस लागतं. इथे हातात केक धरलेली एक बाई उभी होती, आणि तिने जे केलं ते प्रेमानेच केलं होतं. गावानेही प्रेमानेच केलं होतं. कुणालाही भट्टी पेटवता येत नव्हती, आणि येत नाही हे कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. मला रडायलाच आलं.

"तुम्हाला येतं का लावता?" मी फ्राऊ जुर्दानना विचारलं.

"आईला यायचं," त्या म्हणाल्या. मग स्वतःचे हात पुढे करून दाखवले. बोटं संधिवाताने वाकलेली, त्यांना मोळीही उचलवली नसती.

मग मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी घरची नव्हते. गावचीही नव्हते, पण त्या सकाळी तेवढी सूट त्यांनी दिली.

मी पडवीत गेले. मोळ्या रचायची जागा जवळजवळ रिकामी होती. कोपऱ्यात चारच मोळ्या, दोन हिवाळ्यांपूर्वीच्या, तारेला काकांची ती गाठ. मी बाहेर येऊन सांगितलं. मावशींनी डोळे मिटले. त्या वर्षात गावात तिघं गेले होते, आणि तिघांच्या पावासाठी मावशींनीच इथल्या मोळ्या मुक्तहस्ते जाळल्या होत्या.

केया गाडी घेऊन पेट्रोलपंपावर गेली आणि जाळीच्या पिशव्यांतली जाड लाकडं घेऊन आली. मावशी बाकावरून हलल्या नाहीत. हात मांडीवर, एकात एक अडकवलेले. तिथूनच सांगत राहिल्या. "आधी मोळी आडवी. दुसरी तिच्यावर तिरकी. झाकण पूर्ण लावू नकोस, श्वास राहू दे." मी काडी ओढली. काकांच्या मोळ्या भराभरा पेटल्या, काड्या तडतडल्या, घुमटभर जाळ झाला, आणि क्षणभर मला वाटलं की जमतंय. मग पेट्रोलपंपाची लाकडं घातली. ती धुमसली. धूर माझ्या डोळ्यांत, केसांत, नवीन काळ्या कोटात. मी फुंकत बसले. मावशींचे हात मांडीवरच होते, पण बोटं सारखी हलत होती, जणू मोळी सरकवताहेत.

"निखारे ओढ आता. वेळ नाही."

मी ओढले. तळ पुसला. मूठभर पीठ आत फेकलं. ते पांढरंच राहिलं.

"मावशी, तांबूस होत नाहीये."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "घाल आत."

पाव आत घालताना तीन-चार फावड्यावरून वाकडे घसरले. झाकण लावलं. थांबायचं तेवढं थांबलो, त्याहून जास्तही थांबलो, कारण चर्चची घंटा वाजेपर्यंत दुसरं काहीच हातात नव्हतं. बाहेर काढले तेव्हा पाव फिकट होते, वरून कातडं धरल्यासारखे. मावशी तेव्हा उठल्या. विस्तवाचं काम संपलं होतं, आता हात लावायला हरकत नव्हती. त्यांनी एक पाव उचलला, उलटा केला आणि बोटाने वाजवून पाहिला. चांगला भाजलेला पाव पोकळ वाजतो. हा वाजलाच नाही. त्यांनी तो परत ठेवला, फडक्याने झाकला आणि टोपली केयाच्या हातात दिली.

दफन नीट झालं. पाद्री थोडक्यात बोलले. धुक्यात माणसं पुष्कळ होती, सगळं गाव होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. दोन म्हातारे कबरीपाशी "आहो" म्हणून रडले. मावशींनी मिरजेहून आणलेली, इतकी वर्षं डबीत जपलेली कृष्णेची वाळू चिमूटभर टाकली आणि मागे झाल्या.

चर्चच्या दाराशी एका टेबलावर बेकरीचे ब्रोटशेन होते, सोनेरी, खसखस लावलेले, आणि शेजारी आमची टोपली. लोक आले. मावशींचा हात हातात घेतला, खांद्यावर थोपटलं. टोपलीकडे पाहिलं, फिक्या पावांकडे पाहिलं, आणि हात ब्रोटशेनकडे गेला. कुणी वाईट हेतूने नाही. समोर भाजलेलं असताना कच्चं कोण घेणार? सरपंचांनी मावशींना सांगितलं की वसंतात भट्टीच्या तोंडाला काच बसवायचं ठरतंय, आत दिवा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना आत बघता येईल आणि वास्तूही जपली जाईल. "आता तुम्हालाही आराम," ते म्हणाले. मावशी नुसतं "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हणाल्या.

फ्राऊ जुर्दाननी तेवढा टोपलीतला पाव घेतला. दोन्ही वाकड्या हातांनी छातीशी धरून त्या ग्रांद रूने घरी गेल्या. बाकी सगळी टोपली तशीच राहिली. केयाने ती घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली, मग वर जाऊन दार लावून घेतलं.

मी बसची वेळ होईपर्यंत थांबले. चूल अर्थात गार होती. कुणाच्यातरी घरचं सूप डब्यात आलं होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. मावशींनी एक पाव मोडला. आतून ओला, चिकट. त्यांनी त्याचा घास घेतला आणि सावकाश चावत बसल्या.

"मावशी, नका खाऊ, पोट बिघडेल."

"त्याच्या मोळीवरचा आहे," त्या म्हणाल्या. "बर्नहार्टला आवडायचा कडक. काळसर कडा लागायच्या त्याला." त्यांनी आणखी एक घास घेतला. "मला वाटायचं, मी त्यांची आहे. सगळ्यांच्या घरी मी लावला ना विस्तव? एकदा तरी कुणी लावेल असं वाटायचं. फार वाईट वाटलं गं मला."

त्या रडत होत्या. दिवसभरात पहिल्यांदा. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि बसले.

"मार्चमध्ये तुम्ही पुण्याला जाणार ना कायमचे?" त्यांनी विचारलं. क्षितिजचा करार संपत होता, हे मी त्यांना उन्हाळ्याच्या शेवटालाच सांगितलं होतं.

"हो मावशी."

"केया घरातली. माझ्या वेळी तिला लावता येणार नाही." त्यांनी टेबलावरचे पावाचे चुरे बोटाने गोळा केले. "तू येशील का विस्तव लावायला?"

मला पुणे, विमान, भट्टीला लागणारी काच, रिकामी पडवी, सगळं एका दमात आठवलं, आणि मी तोंड उघडायला गेले.

"विचार करू नकोस," मावशी म्हणाल्या. "नुसतं हो म्हण."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पावाचा एक तुकडा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला. तो कच्चाच होता. मी खाल्ला.